आग नसलेल्या दिवसाचा पगार

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मराठी मुलखात लहानथोरांच्या तोंडी आहे. दुखणे एका ठिकाणी आणि उपाय भलत्याच ठिकाणी, अशा कारभाराची थट्टा करावयाची झाली म्हणजे ती हटकून आठवते. परंतु या थट्टेत इतिहासाचाही एक धागा गुंतलेला आहे. आग मनुष्याच्या संसाराइतकी जुनी आहे. बंब मात्र नवा आहे. ‘बंब’ हा शब्ददेखील पोर्तुगीज भाषेतील पाणी उपसण्याच्या यंत्राच्या नावावरून मराठीत आला, असे मानतात. ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी आग लागली की कोठून तरी बंब यावयाचा असतो, अशी अपेक्षा लोकांच्या मनात उत्पन्न झाली होती, हे उघड आहे. ती अपेक्षा पुरी व्हावयाची तर बंबाजवळ रात्रंदिवस कोणी तरी जागे बसले पाहिजे, आणि त्या जागण्याचे मोल कोणी तरी दिले पाहिजे. हे मोल कोणी द्यावे, या एका प्रश्नाचा निकाल लागण्यास एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक भाग खर्ची पडला.

बंब येण्यापूर्वी लोक काय करीत, हे पाहण्यास सोलापूरसारख्या पठारावरील शहराचे उदाहरण पुरेसे आहे. जुन्या सोलापुरातील घरे बहुतेक धाब्याची होती. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या पसरून त्यांवर मातीचा जाड थर चोपावयाचा, ही माळवदाची रीत. उडत्या ठिणगीने माळवद पेटत नाही, हा त्या बांधणीचा मोठा गुण होय. पण आतील तुळई एकदा जळली म्हणजे तोच मातीचा भार घरातल्या माणसांवर कोसळतो, हा तिचा तितकाच मोठा दोष. त्यातच हे शहर विणकरांचे. ज्या घरात माग, त्याच घरात सुताच्या लडी, आणि हातभर अंतरावर चूल. उन्हाळ्यात शहराच्या कडेला ज्वारीच्या कडब्याच्या गंजी उभ्या राहत. किल्ल्याच्या खंदकाला लागून सिद्धेश्वराचा तलाव होता, गल्लोगल्ली आडही होते. परंतु ज्या दिवसांत आगीचे भय अधिक, नेमक्या त्याच दिवसांत आडाचे पाणी तळाला गेलेले असावयाचे.

आग लागली की प्रथम हाकाटी होई. माणसे घागरी, कळशा, हंडे घेऊन धावत. आडापासून घरापर्यंत रांग लागे आणि पाणी हातोहात पुढे सरके. पखालजी आपली पखाल तेथेच रिकामी करी. ओली घोंगडी टाकून आणि माती लोटून ज्वाळा दडपण्याचा यत्न होई. एवढ्याने भागले नाही, तर शेजारच्या घराचा लाकूडफाटा उतरवून आगीची वाट तोडीत. या साऱ्या धावपळीत शेजारधर्म होता, धैर्यही होते. ज्याचे घर वाचले त्याला कोणी बिल पाठवीत नसे, आणि ज्याचे हात भाजले तो कोणापाशी भरपाई मागत नसे.

मग उणे कशाचे होते? हुकुमाचे, सरावाचे आणि वेळेचे. गर्दीत शंभर जण ओरडत, पण कोणाचे ऐकावयाचे ते ठरलेले नसे. शेजाऱ्याचे घर पाडावयाचे असेल तर तो अधिकार कोणाचा, हा तंटा ज्वाळांच्या उजेडातच सुरू होई. आणि वारा आपल्या घराकडे वळला की रांगेतला माणूस घागर टाकून स्वतःच्या दाराकडे धावे. त्यात त्याचा दोष मानता येत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम पाहावयास सारे सोलापूर लोटते. तो अग्नीचाच खेळ असतो. पण त्याला दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, आणि पाहणारा तयारीने आलेला असतो. शोभेच्या दारूला तिथी असते. आगीला तिथी नसते. जिला तिथी नाही, तिच्या स्वागताला वर्षाचे सर्व दिवस तयार राहावे लागते. हे काम हौशीवर आणि शेजारधर्मावर चालण्यासारखे नाही, हा धडा मोठमोठ्या शहरांना फार महागात शिकावा लागला.

मुंबईला तो धडा १८०३ सालच्या १७ फेब्रुवारीस मिळाला. त्या दिवशी कोटाच्या आतील बाजारात आग लागली आणि वाऱ्याच्या जोराने ती पसरत गेली. दिवसभर यत्न करूनही ती आटोक्यात येईना. कोटातील वस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा भस्मसात झाल्यावर तिचा जोर ओसरला. एका बंदिस्त तटाच्या आत दाटीवाटीने घरे बांधली म्हणजे काय होते, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले, आणि कोटाबाहेर नवी वस्ती वाढण्यास या आगीने चालना मिळाली. पुण्यात १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत होती. पेशव्यांच्या मुख्य वाड्याचे नक्षीदार लाकूडकाम तीत नाहीसे झाले, आणि मागे उरले ते तट, बुरूज आणि जोती. पुढे १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग आगीत सापडला. ही आग कोणी मुद्दाम लावली, हा भाग निराळा. एवढ्या वैभवाच्या वास्तूही त्या काळच्या साधनांनी वाचविता आल्या नाहीत, हे येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

विलायतेतील गोष्ट पाहिली तर तेथेही राजाने किंवा नगराने हे काम आधी अंगावर घेतले नव्हते. १६६६ सालच्या भयंकर आगीनंतर लंडनमध्ये आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्या निघाल्या. घर जळाले तर कंपनीला पैसे भरावे लागत. म्हणून घर जळूच नये यासाठी कंपन्यांनी आपापली माणसे आणि पंप ठेवले. व्यापाऱ्याचा हा हिशेब सरळ होता. १८३३ साली अशा १० कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून सुमारे ८० माणसांचे एक दल उभारले आणि त्याचे नायकत्व जेम्स ब्रेडवुड या स्कॉटिश गृहस्थाकडे दिले. त्याने १८२४ पासून एडिंबरो शहरात असेच दल सांभाळले होते. तेथे त्याने गवंडी, सुतार आणि छपरे शाकारणारे असे लोक निवडले, कारण घर कसे उभे राहते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते कोठे कोसळेल हे कळते. लंडनला आल्यावर त्याने खलाशी पसंत केले; त्यांना दोरावर चढणे, रात्री जागणे आणि हुकूम पाळणे या तिन्ही गोष्टींची सवय असे. दुरून, रस्त्यातून पाणी उडवीत बसू नये, आत शिरून आगीच्या मुळावर पाणी मारावे, ही ब्रेडवुडची शिकवण होती.

१८६१ सालच्या २२ जून रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. ताग, कापूस, चरबी, साखर असा माल तेथे खच्चून भरलेला होता. आपल्या माणसांची विचारपूस करीत असताना ब्रेडवुडच्या अंगावर एक भिंत कोसळली आणि तो जागीच मरण पावला. आग पुढे दोन आठवडे धुमसत राहिली. विमा कंपन्यांनी तेव्हा सरकारास स्पष्ट कळविले की, एवढ्या मोठ्या नगराचे रक्षण करण्याचा भार यापुढे आमच्याने सोसवणार नाही. अखेरीस १८६५ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनचे दल सार्वजनिक झाले. खर्चाची विभागणी मोठी बोधप्रद होती. काही वाटा शहराच्या करातून, काही सरकारी तिजोरीतून, आणि काही विमा कंपन्यांकडून, त्यांनी उतरविलेल्या विम्याच्या प्रमाणात. त्याच कायद्याने दलाच्या अधिकाऱ्यास आग विझविण्यासाठी घर फोडण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार दिला. घागरीच्या रांगेत जो तंटा सुटत नसे, तो असा कायद्याने सुटला.

अमेरिकेत याच्या आधी, १ एप्रिल १८५३ रोजी, सिनसिनाटी नगराने पूर्णपणे पगारी दल उभारले होते. तेथे पूर्वी स्वयंसेवकांची पथके होती. माणसे शूर, पण पथकापथकांत चुरस इतकी की आग बाजूस राहून कधी कधी आपसातच मारामारी जुंपे. घोड्यांनी ओढावयाचा वाफेचा पंप त्याच सुमारास तेथे आला. हाताने दांडा हापसणाऱ्या अनेक माणसांचे काम वाफ करू लागली. मग मोठ्या जमावाची गरज उरली नाही, थोडी पण शिकलेली माणसे पुरेशी झाली. यंत्र आणि पगार यांचा असा जवळचा संबंध आहे. यंत्र महाग असते. ते रोज पुसावे, तपासावे, त्याच्या चामडी नळ्या वाळवाव्या लागतात. हे काम हौशी माणूस चार दिवस करील, वर्षानुवर्षे करणार नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळावे. १८५५ साली मुंबईत घोड्यांनी ओढावयाचे बंब घेऊन एक दल नेमण्यात आले, पण ते पोलीस खात्याच्या ताब्यात होते आणि त्यातील माणसांचे ते अर्धवेळ काम होते. एकाच शिपायाने चोरही पकडावा आणि आगही विझवावी, अशी ती योजना. दंगल आणि आग एका रात्री उद्भवली तर त्याने कोठे धावावे, याचे उत्तर तीत नव्हते. पाण्याची अडचण तर त्याहून बिकट होती. विहिरी आणि तलाव यांवर जगणाऱ्या शहरात पंप कितीही उत्तम असला तरी तो ओढणार काय? १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८७९ साली तुळशीचे आले, १८९२ साली तानशाचे आले. बंबाच्या इतिहासात या नळांचे महत्त्व बंबाहून कमी नाही.

याच काळात मुंबईत जळण्याजोगा मालही बेसुमार वाढला. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिल्या. कापसाच्या गासड्यांनी वखारी भरल्या. गिरणीतील कापूस पिंजण्याचे खाते म्हणजे आगीचे माहेरघर. हवेत तंतू तरंगत असतात, यंत्राचे दात फिरत असतात. कापसाबरोबर लोखंडाचा एखादा तुकडा आत गेला की ठिणगी उडते आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी खोली पेटते. गासडीची आग त्याहून कपटी. वरून विझली असे वाटते, पण पोटात ती तासन्‌तास धुमसत राहते आणि मध्यरात्री पुन्हा तोंड वर काढते. अशा आगीशी गाठ घालावयाची तर विझल्यानंतरही पहारा ठेवणारा माणूस हवा.

अखेर १ एप्रिल १८८७ रोजी मुंबईचे अग्निशामक दल नव्या स्वरूपात उभे राहिले, आणि पुढल्याच वर्षी मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याने आगीपासून जीवित व वित्त यांचे रक्षण करणे हे पालिकेचे कर्तव्य ठरले. या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. १८९० साली लंडनच्या दलातील डब्ल्यू. निकोल्स यांना मुख्य अधिकारी म्हणून आणण्यात आले. त्या पदावर हिंदी मनुष्य बसण्यास १९४८ साल उजाडावे लागले, एम. जी. प्रधान हे पहिले हिंदी मुख्य अधिकारी होत. १९०७ मध्ये मोटारीचा बंब आला आणि हळूहळू तबेल्यांतील घोडे निवृत्त झाले.

पगारी दलाविरुद्ध जो आक्षेप सर्व देशांत, सर्व नगरांत घेतला जातो, तो असा: ही माणसे बहुतेक दिवस काहीच करीत नाहीत, रिकाम्या बसणाऱ्यांना करदात्यांनी का पोसावे? आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु थोडा विचार केला तर त्यातली चूक दिसते. गवंड्याला भिंतीचे मोल मिळते, विणकराला लुगड्याचे मिळते. त्यांची कृती डोळ्यांना दिसते. अग्निशामक शिपायाला मोल मिळते ते मुख्यतः तयार असण्याचे. त्याचे खरे काम आग नसलेल्या दिवशी चालते. शिडीचा सराव, नळ्यांची तपासणी, गल्लीबोळांची आणि पाण्याच्या तोट्यांची ओळख, हे सारे त्याच दिवसांत होते. आगीच्या रात्री तो फक्त आधी केलेल्या कामाची परीक्षा देतो. ज्या शहराला हा हिशेब समजला, त्याने दल उभारले. ज्याला समजला नाही, त्याने बंब विकत घेतला आणि तो गंजू दिला.

सोलापूरकडे हा विचार कायद्याच्या वाटेने आला. येथील नगरपालिका १८५० च्या २६ व्या कायद्याखालची, म्हणजे मुंबई इलाख्यातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी. त्या कायद्यात भर होता तो रस्ते, झाडलोट, दिवाबत्ती आणि पहारा यांवर. मग शहराचे रूप पालटले. १८६० साली आगगाडी आली. १८७१ साली शहराच्या उत्तरेस आदिला नदी अडवून बांधलेला एकरुखचा तलाव पुरा झाला, आणि पुढे त्याचे पाणी शहराला मिळू लागले. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी स्थापिलेली, जिला लोक ‘जुनी गिरणी’ म्हणत, ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. १८७२ च्या शिरगणतीत सुमारे ५३ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ७५ हजारांवर गेली. मुंबईस जी सामग्री गोळा झाली होती, तीच येथे लहान प्रमाणावर गोळा झाली: कापूस, कोळसा, वाफ आणि दाटी. १९०१ साली मुंबई इलाख्यातील जिल्हा नगरपालिकांचा नवा कायदा झाला. त्यात नगरपालिकांच्या आवश्यक कर्तव्यांच्या यादीत दिवाबत्ती आणि झाडलोट यांच्या पंक्तीस आग विझविणे व आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे कर्तव्य घालण्यात आले. जे काम पूर्वी शेजारधर्म म्हणून होत असे, ते आता नागरिकाचा हक्क आणि नगराचे ऋण ठरले. सोलापूरची महानगरपालिका १९६४ साली झाली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवेचा समावेश नागरी संस्थांच्या कामांच्या परिशिष्टात केला. आणि २००६ साली महाराष्ट्राने आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. या कायद्याचे नवेपण असे की, आग विझविण्याची तयारी जशी नगराकडे, तशी ती लागू न देण्याची जबाबदारी त्याने इमारतीच्या मालकावर व ताबेदारावरही टाकली.

या सर्व व्यवस्थेची किंमत काही वेळा पगाराच्या रकमेत मावत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या आगबोटीस आग लागली. तिच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. बंबवाले तेथे गेले, काम करीत राहिले, आणि दोन प्रचंड स्फोट झाले. दलाची ६६ माणसे त्या दिवशी गेली. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून देशभर पाळला जातो तो त्यांच्यासाठी.

आणि बंब असूनही, पगारी माणसे असूनही, सर्व काही वाचतेच असे नाही. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. बंब आले, पाणी मारले गेले, आग तासन्‌तास हटेना. आणि ८ जीव गेले, त्यांत मालकही होते, कामगारांच्या घरची मुले-माणसेही होती. ज्या घरात माग त्याच घरात चूल, ही जुन्या विणकरांची अडचण कारखान्यांच्या युगातही सुटलेली नाही, हे त्या पहाटेने दाखविले. सूत तेच, झोपलेला संसार तोच. भिंती मात्र उंच झाल्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा कमी झाल्या.

एकोणिसाव्या शतकाने या प्रश्नाचा अर्धा भाग सोडविला. आगीशी झुंजणाऱ्याला पगार द्यावा, त्याच्या हाती अधिकार द्यावा, त्याच्या नळीत पाणी द्यावे, एवढे त्या शतकाने ठरविले. उरलेला अर्धा भाग प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो: दाराला बाहेरून कुलूप नसावे, जिन्यात माल रचू नये, झोपणाऱ्याच्या उशाशी गासड्या नसाव्यात, आणि हे सारे कोणी तरी वेळोवेळी जाऊन पाहावे. हे पाहणेही आग नसलेल्या दिवसाचेच काम आहे, आणि त्याचाही पगार नगराच्या अंदाजपत्रकात मांडावा लागतो. असा खर्च मांडला जाईल तेव्हा सभागृहात कोणी तरी उठून म्हणेल की, गेल्या वर्षी तर आग लागलीच नाही. तो खर्च सत्कारणी लागला, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.